उजागरे सरांची माफी

जेम्स उजागरे सरांनी हात वर केला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ते चहा मागवताहेत.

"माझी एक हरकत आहे," सर म्हणाले. "उजागरे बाईंच्या माफीवर."

कडुनिंबाखाली बसलेल्या मंडळींनी आधी सरांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे. कारण उजागरे बाई म्हणजे सरांचीच बायको, साराबाई. त्या खारे शेंगदाणे खात बसल्या होत्या. मूठ तशीच राहिली, चावणं थांबलं.

माफीचं प्रकरण आधी सांगायला हवं. नगरहून पारनेरला जाताना लागणाऱ्या एका मुरमाड माळावर या मंडळींचं गोल्फ चालतं. हिरवळ औषधालाही नाही. नऊ होल, भोवती वाळू आणि कडेला घायपात. कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये घालेल तो जिंकला. पण कच्च्या खेळाडूलाही पक्क्याशी भिडता यावं म्हणून त्याच्या फटक्यांतून काही फटके वजा करतात. बाहेर याला हँडिकॅप म्हणतात. इथेही पूर्वी तसंच म्हणायचे. मग एकदा 'हँडिकॅप सर्टिफिकेट आवश्यक' अशी नोटीस लागली आणि पारनेरचा डाळिंबवाला हनुमंत पठारे थेट सरकारी दवाखान्यात रांगेला जाऊन उभा राहिला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला चालून दाखवायला सांगितलं. खरा अर्थ समजावल्यावर हनुमंत कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हंजी तेवढे फटके माफ, व्हय ना? मग सरळ माफी म्हना की!" तेव्हापासून क्लबात माफीच.

"काय हरकत आहे, सर?" सेक्रेटरी राजनंदिनी म्हणाली. ती दातांची डॉक्टर. कोणता दात दुखतो, हे विचारावं त्याच आवाजात तिने विचारलं.

"हिचा खेळ चांगला सुधारलाय आणि माफी मात्र अठराची अठरा. सरावाला मुद्दाम वाईट खेळायचं, माफी फुगवून ठेवायची आणि सव्वीस जानेवारीला कप उचलायचा, हे मी खपवून घेणार नाही. मग समोर कुणी का असेना!"

सरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. चौतीसचे पस्तीस कधी कुणाचे केले नाहीत. सख्ख्या भाच्यालाही नापास करून त्याच्याच घरी पेढे खायला गेले होते, भाचीच्या पासाचे. तेव्हा बायकोवर हरकत घेणं त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. फक्त या वेळी त्यात थोडी जळजळही होती. क्लबाच्या खोलीत एक लाकडी फलक आहे, कप जिंकणाऱ्यांच्या नावांचा. सरांच्या बरोबरीचे सगळे त्यावर जाऊन बसले होते, सर तेवढे बाहेर. फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि पुढे खेळता येईल की नाही, हे डॉक्टर काही छातीठोकपणे सांगत नव्हते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आणि गेल्या तीन सरावांत माफी धरून पहिली कोण आली? सारा!

"बाई, तुमचं काही म्हणणं?"

"मोजा," साराबाई म्हणाल्या.

राजनंदिनीने तिथेच फटके नोंदवलेली कार्डं काढून हिशेब केला. हनुमंत मान लांब करून बघत होता.

"बाईंची माफी बरोबर आहे. अठराच. पण सर, एकाची तपासली की हरकत घेणाऱ्याचीही तपासायची, असा नियम आहे. तुमची माफी पाच. आणि दिवाळीपासून तुमचं एकही कार्ड माझ्याकडे आलेलं नाही."

कार्ड का आलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांचा खेळ चांगला झाला की कार्ड ताबडतोब जमा व्हायचं. वाईट झाला की त्या दिवशी वारा सुटलेला असायचा, पाठ धरलेली असायची, नाहीतर "हे आपलं सहज खेळलो, धरू नका" असायचं. माफी जितकी कमी तितका खेळाडू पक्का, म्हणून बारा वर्षांपूर्वीची ती पाच माफी सरांनी पदकासारखी जपली होती.

"तीन ताजी कार्डं नसतील तर कपसाठी नाव घेता येत नाही," राजनंदिनी म्हणाली. "नियम तुम्हीच केलेला आहे, सर."

हनुमंताला एकाएकी जोराचा खोकला आला.

"मग खेळतो तीन डाव," सर ताठ होऊन म्हणाले. "अजून आठवडा आहे."

"खेळा. फक्त कुणीतरी सोबत फिरून फटके मोजायला हवं. सभासदच हवा."

इथे सरांची पंचाईत झाली. कामाच्या दिवशी राजनंदिनीचा दवाखाना, हनुमंताची डाळिंबं, बाकीच्यांच्या नोकऱ्या. सकाळच्या वेळी रिकामा असा एकच सभासद होता, आणि तो सभासद शेंगदाण्याची सालं झटकून गाडीकडे चालायला लागला होता.

नगरमधल्या सावेडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी अबोला सुरू झाला. साराबाईंनी भांडण केलं नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, पण 'अहो' गेलं आणि 'उजागरे सर' आलं. रात्री जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. आणि या घरात ज्याचं त्याला कळेल, एवढं कर."

"आमेन," सर सवयीने म्हणून गेले आणि मग चपापले.

दुसऱ्या दिवशी भाजी वाढून घेताना त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी येशील का?"

"कशाला?"

"मोजायला."

"मी? मी तर फुगवून ठेवते ना?"

सर ताटातली भाकरी मोडत राहिले.

"साडेसहाला निघू," साराबाई ताट उचलत म्हणाल्या. "गुडघ्याला पट्टा बांधा. थंडी आहे."

मोजण्यात साराबाईंनी कसली म्हणून कसर ठेवली नाही. प्रत्येक फटक्याला त्या मोठ्याने आकडा म्हणायच्या. माळावरच्या टिटव्या आधी उडाल्या, मग त्यांनाही सवय झाली.

"सात."

"अगं, तो हवेतला होता. चेंडूला लागलाच नाही."

"मारायचा होता ना? मग सात."

"वारा बघ किती आहे."

"वाऱ्याला धरून सात."

पहिला डाव वाईट झाला. दुसरा त्याहून वाईट. घरी येताना सर गाडीत खिडकीबाहेर बघत बसायचे आणि साराबाई गाडी चालवताना गाणं गुणगुणायच्या. ते सरांना फार लागायचं.

तिसऱ्या डावात शेवटच्या होलजवळ सरांचा चेंडू घायपाताच्या मागे गेला. गुडघा सांभाळत ते आत शिरले. साराबाई पलीकडच्या बाजूला राहिल्या. मध्ये सगळी पात्यांची भिंत. सरांनी दांडा फिरवला. माती उडाली, चेंडू तिथेच. पुन्हा फिरवला आणि चेंडू बाहेर पडला.

"किती?" पलीकडून आवाज आला.

सर पात्यांमध्ये उभे होते. बाहीला काटा लागला होता. बारा वर्षं आपण वाऱ्याच्या नावावर काय काय खपवलं, ते त्यांना त्या मातीच्या खळग्यात स्वच्छ दिसत होतं. आणि त्याच तोंडाने आपण चारचौघांत तिला लबाड म्हणालो.

"दोन," ते म्हणाले.

"मला एकच दिसला."

"दोन होते, सारा."

ते बाहेर आले तेव्हा साराबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आठवड्यात पहिल्यांदाच नीट बघत होत्या. मग त्यांनी बाहीतला काटा काढला आणि कार्डावर आकडा लिहिला.

संध्याकाळी राजनंदिनीचा फोन आला. "सर, हिशेबाने तुमची माफी बारा होते. कमी करायची असती तर मी परस्पर केली असती. वाढवायची तर..."

"ठाऊक आहे," सर म्हणाले.

ठाऊक नसेल कसं! नियमातलं ते वाक्य त्यांनीच घडवलं होतं, कुणी गुपचूप फायदा उपटू नये म्हणून. 'माफी मागितल्याशिवाय मिळणार नाही, व ती सर्वांसमक्ष मागावी.' साराबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, आणि टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलबी वाटली आणि पहिल्या होलपाशी मंडळी जमली. राजनंदिनी एकेक नाव पुकारून माफी नोंदवत होती.

"जेम्स उजागरे. माफी पाचच ठेवायची का, सर?"

सरांनी चेंडू जागेवर ठेवला. उचलला. सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवला. पाच म्हटलं तर मान ताठ राहणार आणि फलक जाणार. ते सरळ उभे राहिले.

"मला माफी पाहिजे," ते म्हणाले.

पण ते राजनंदिनीकडे बघत नव्हते. राजनंदिनीची मान कागदात होती, त्यामुळे तिला ते दिसलं नाही.

"जरा मोठ्याने, सर. सर्वांसमक्ष लागते."

"सर्वांसमक्षच मागतोय," सर म्हणाले. "मी सगळ्यांदेखत वाटेल ते बोललो. खोटं बोललो. मला माफी पाहिजे."

हनुमंताची जिलबी तोंडाशी जाता जाता थांबली. राजनंदिनीने अजूनही मान वर केली नव्हती.

"किती?"

"ते तिला विचार. मोजलंय तिने."

आता राजनंदिनीने वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. साराबाई पदराने चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

"बारा," त्या म्हणाल्या. "खेळाचे बारा लिही. बाकीच्याचं आम्ही घरी बघू."

"लई भारी!" हनुमंत ओरडला आणि जिलबी एकदाची तोंडात गेली.

सरांनी दांडा उचलला, श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून फटका मारला. चेंडू उंच गेला, डावीकडे वळला आणि नेमका घायपातात जाऊन पडला.

"एक!" साराबाई टिटव्या उडतील एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. मग त्यांनी सरांची पिशवी खांद्याला लावली. "चला अहो. पट्टा बांधलाय ना?"