जोडी न लागलेला काळमेघ

निरंजन काळमेघला भोपाळला परत पाठवण्यात आलं. छे, असं काही झालंच नाही. हे वाक्य खोडू आणि दुपारी चारपासून सुरू करू.

नवं राज्य, नवी राजधानी, रायपुरातलं नवं ऑफिस. साहेबांनी निरंजनला कॉम्प्युटरवर दोन याद्या जोडायला बसवलं होतं. डावीकडे भोपाळहून आलेली माणसं, उजवीकडे रायपुरात कोणाला कोणती खुर्ची, ते. जोडायचं नावावरून, आणि जोडलेली यादी पाचच्या आत साहेबांच्या टेबलावर. ज्याची जोडी लागणार नाही, त्यानं सहाच्या गाडीनं भोपाळ गाठायचं. निरंजनचे वडील श्यामराव इथंच रायपुरात, ब्राह्मणपाऱ्यात एकटे, डोळ्यांनी दिसत नाही. त्यांना दोन घास वाढणारा हा एकटाच.

त्यानं साधा जॉइन, म्हणजे याद्या जोडायचा हुकूम, चालवला. दोनशे बारा नावं आली. त्याचं नव्हतं. तळहाताला असा घाम फुटला की माउस साबणासारखा निसटू लागला.

"काहून बे, भूत पाहिलं का?" शेजारच्या टेबलावरून मीरा दीदी म्हणाली.

"मीच भूत आहो दीदी. यादीत नाही मी."

"साध्या जॉइनमधी दोन्हीकडं सापडला तोच राहते. लेफ्ट जॉइन लाव. डावीकडचे सगळे राहतात, जोडी लागो का न लागो."

लावला. दोनशे तेरा. शेवटी तो होता आणि त्याच्या उजवीकडे पद नल, टेबल नल, खुर्ची नल. नल म्हणजे रिकामंसुद्धा नाही, ठाऊकच नाही.

तेवढ्यात शिपाई नत्थू आला. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा वाचला आणि अदबीनं निरंजनच्या खालची खुर्ची काढून घेतली. "भैया, बुरा मत मानना. नल लिखा है."

निरंजननं उभ्यानंच रायपूरची यादी चाळली. एकशे एकाव्या ओळीत कोणी 'निरंजन कालमेघ' ऐटीत खुर्चीवर बसला होता. यादी करणाऱ्या हिंदी टायपिस्टला ळ माहीतच नव्हता, आणि सहीशिक्क्याच्या त्या यादीला हात लावायची मुभा नव्हती.

"मग तू बी ळचा ल कर ना. एका बोटाचं काम," दीदी म्हणाली.

त्यानं घरी फोन लावला. "बाबा, आडनावातला ळ काढू का?"

"माह्या बापानं रेल्वेच्या साहेबाशी भांडून टिकवला तो," श्यामराव म्हणाले. "तुले काढायचा तर काढ, पोट्ट्या. पण मंग घरी आल्यावर सांगजो कोण आला म्हणून. मले तर दिसत नाही."

त्यानं बोट ल वर ठेवलं. पाचला दहा कमी. शेवटी त्यानं बोट उचललं आणि अर्ज लिहायला घेतला:

"मा. महोदय, अर्जदाराची जोडी लागण्यात केवळ एका अक्षराचा अडथळा आहे. सबब विनंती, की हिंदी वर्णमालेत 'ळ' हे अक्षर अर्जदाराच्या जन्मतारखेपासून पूर्वलक्षी प्रभावाने समाविष्ट करावे व तसे आदेश आज सायंकाळी पाचच्या आत निर्गमित व्हावेत."