खोकला थांबला की

धाकट्याला लवकर मरायचं नव्हतं आणि त्यात चूक काहीच नव्हती. दोघा भावांनी जन्मभर लोकांच्या घरांत गुडघे टेकून फरश्या बसवल्या. आता धाकट्याला जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागे. एका डॉक्टरने त्याला गोळी लिहून दिली. मुळात ती मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांची, पण थोडी थोडी घेतली तर सांधे सुधारतात, आयुष्यही वाढतं, असं काहीजण म्हणत.

"पक्का पुरावा नाही," डॉक्टरने बजावलं. "आणि प्रतिकारशक्ती कमी होऊ शकते. शंका आली की मला विचारायचं."

पहिलं वाक्य धाकट्याने कानाआड केलं आणि दुसरं तेवढं कवटाळलं.

"रोग रेड्याला नि औषध पखालीला," दादा हसला. "अरे, इतकं जगून करणार काय?"

"तुझ्या डोक्यावर मिरे वाटणार."

हळूहळू गुडघे खरंच हलके झाले. गोळीने की काम सोडल्याने, देव जाणे. भीती मात्र दुपटीने वाढली. कोणी शिंकलं की हा खोलीबाहेर. लग्नकार्यं टाळली, नातवाला सर्दी म्हणून त्याला उचलून घेणंही टाळलं. आयुष्य वाढवायच्या नादात माणसं गळत चालली होती, पण सांगणार कोण?

मग दादाच्या छातीत कफ भरला. वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, येऊन जा. सारखी तुमची वाट बघतायत."

"येतो वहिनी. जरा खोकला थांबू दे."

गोळी थांबवून, तोंडाला मास्क लावून जाऊ का, एवढं डॉक्टरला विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही. डॉक्टर हो म्हणाला असता तर जावं लागलं असतं. पुन्हा फोन आला, पुन्हा त्याने तेच सांगितलं. रविवारी पहाटे खोकला थांबला, कारण दादाच गेला.

धाकटा तीन मजले कुठेही न थांबता चढून गेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"गुडघे बरे दिसतायत."

"हो." त्याला मान वर करवेना.

"खरं कारण मला सांगवलं नाही हो," ती म्हणाली. "भाऊजींचे गुडघे पुन्हा धरलेत, जिना चढवत नाही, असं सांगितलं. तर मला उठवा म्हणाले, मीच खाली उतरून जातो त्याच्याकडे."