जफरभाईचा हात

“भाभी, चाकू परत द्या. जफरभाई असते त गोष्ट येगळी होती.”

नानाजींनी हात पुढे केला. शिसवी मुठीला ताजी भेग पडलेला त्यांचा खिशातला चाकू जमिलाने नुकताच घासायला घेतला होता. जफर गेल्यानंतरची चार महिन्यांची इद्दत संपवून ती घाटंजीच्या बाजारातल्या नवऱ्याच्या टपरीत बसली, तेव्हापासून येणारा प्रत्येक जण असंच काहीतरी बोलून चाकू खिशात घालत होता. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. नवा चाकू कोणी घेत नव्हतं, जुन्याच्याच भेगा बुजवून नेत. शेतातली मजुरीही आटली होती. टपरी बंद पडली तर जमिलाला पुसदला भावाच्या दारात जाऊन पडावं लागणार होतं. बाजारात नानाजींचा शब्द चालायचा. त्यांनी चाकू ठेवला असता, तर बाकीचे आपोआप आले असते.

“नानाजी, या अंगाची जुनी भेग कोणी भरली?”

“जफरभाईनं. बोट फिरवलं तरी लागत नाही. काय हात होता माणसाचा!”

हात! जफरचे हात कंपवाताने कधीच कामातून गेले होते. तो पुढे बसून गिऱ्हाइकांना चहा पाजायचा आणि मागे गोणपाटाच्या पडद्याआड जमिला भेगांत भरायची लाख वितळवायची. राबणारी एक, मिरवणारा दुसरा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तिला जफरचा भयंकर राग आला. मरताना तरी एकदा चारचौघांत सांगायचं होतंस!

“ते काम माह्यं आहे,” ती म्हणाली.

नानाजी हसले. “आता मेलेल्या माणसाचं नावबी हिसकून घेता काय?”

मग मात्र तिचा तोल गेला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने मूठ चिमणीच्या ज्योतीवर धरली. जुन्या भेगेतली लाख पाघळली, तसा सुईच्या टोकाने तिने आतून एक केस ओढून काढला. लांबलचक, मेंदीने लाल झालेला. लाख धरून राहावी म्हणून ती आपलाच केस पिळून आत बसवायची. कोणाला सांगू नको, असं जफरने तिला बजावून ठेवलं होतं.

“हा काय जफरचा केस आहे?”

नानाजी केसाकडे बघत राहिले. त्यांना पटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. आणि मग त्यांचं तोंड आंबट झालं.

“बाईचा केस? अन् मी याच चाकूनं देवापुढचं फळ कापून राह्यलो!”

चाकू तिथेच टाकून ते धोतराला हात पुसत निघून गेले.

बाजारात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत टपरीपुढे माणसं जमली. जफर असताना कधी एवढी गर्दी झाली नव्हती. पण चाकू सांधायला कोणीच आलं नव्हतं.

“माह्या चाकूतबी केस आहे काय वं?”

“आहे,” जमिला सांगत होती. “तुमच्यातबी आहे.”

शेवटी म्हातारा उकंडा पुढे आला. त्याची मूठ जफरने स्वतः सांधली होती, हात धड असताना, जमिला या घरात यायच्याही आधी. सांधा थोडा वर आलेला होता. तिने बोट फिरवताच ओळखला.

“माह्यात त नाही नं?” उकंडाने भीतभीत विचारलं.

“आहे,” जमिला म्हणाली. “तेबी माह्यंच काम आहे.”