उकडलेल्या अंड्यावरची पैज

आमच्या लालबागच्या चाळीत कॅरमच्या बोर्डामागे मी उभा राहिलो की खेळणाऱ्याचा नेम हमखास चुकतो. हात लावत नाय हां मी, नुसतं तोंड चालवतो. "अंगठा हलला बघ... वहिनी वरून बघतायत..." झालं, राणी गेली!

त्या संध्याकाळी धोंडूदादाची अशीच गेली. धोंडूदादा म्हणजे गिरणीतला जुना विणकर. संपात गिरणी गेली, उरला दुखरा गुडघा आणि झुपकेदार मिशी. उखडलाच तो.

"माका काय छळतंस, चंदू? माझ्या दुर्गाच्या मागे उभो रव. चेडवाचो हात हलूचो नाय!"

"हलला तर?"

"मिशी काढीन."

"आणि नाय हलला तर मी सोनूबाईची टोपली डोक्यावर घेऊन मार्केटपर्यंत म्हावरं विकत जाईन."

जिन्याखाली पापलेट लावून बसलेली सोनूबाई कोळीण खदखदून हसली.

त्याची मुलगी दुर्गा परळच्या एका हॉस्पिटलात हाडांची डॉक्टर व्हायला शिकत होती. वरून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता झापणार. तर धावत खाली आली.

"काका, खरंच याल? शनिवारी टेस्ट आहे माझी."

मग तिने सांगितलं. हल्ली गुडघा उघडत नाहीत. दोन बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून लांब चिमटा, आणि डोळे टीव्हीवर. पण खऱ्या माणसाच्या आधी प्लास्टिकचा गुडघा. त्यात आतल्या कूर्चेला, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत थराला, ओरखडा गेला की स्क्रीन लाल! दुर्गा एकटी असली की झकास करायची. टेस्ट घेणाऱ्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या की हात थरथरायचा. एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर बाकीचे ऑपरेशन शिकणार आणि ही नुसते पेशंटचे पाय धरून उभी.

"मला मागे उभं राहून पिडणारा माणूस पाहिजे, काका."

असा माणूस अख्ख्या लालबागमध्ये एकच. पैज शनिवारच्या टेस्टवर पक्की झाली.

दुर्गाने घरीच गुडघा केला. बुटाचा खोका, त्याला दोन भोकं. आत दोन उकडलेली, सोललेली अंडी चिकटून ठेवलेली, मध्ये भिजवलेला वाटाणा. छोटा कॅमेरा टीव्हीला जोडला. अंड्याला न खरवडता वाटाणा बाहेर काढायचा.

पहिल्या दिवशी मी नुसता खाकरलो, तर चिमटा अंड्यात! दुसऱ्या दिवशी म्हटलं, "दुर्गा, पेशंट उठून बसला गो!" अंड्याचा पार भुगा. फुटकी अंडी मालनवहिनी रश्श्यात टाकायच्या. वहिनी म्हणजे दुर्गाची आई. रोज अंडाकरी. चौथ्या दिवशी धोंडूदादा ताटाकडे बघून म्हणाला, "चंदू, माजी मिशी गेली तरी चलात, पण ह्या बंद कर."

पण नंतर नंतर अंडी साबूत निघायला लागली. मी मॅडमची नक्कल केली, शिट्ट्या मारल्या, मालवणीत शिव्यासुद्धा घातल्या. शुक्रवारी शेवटचा डाव म्हणून तिच्या मागे स्टीलची ताटं आपटली. वाटाणा सरळ बाहेर आला. अंडं तुळतुळीत. मागे न बघताच म्हणाली, "काका, ताटं उचला, कुणाचा तरी पाय पडेल."

तेव्हाच माझ्या मानेला टोपलीचं वजन जाणवायला लागलं. आणि खरं सांगतो, गंमत वाटली.

शनिवारी धोंडूदादा सकाळपासून मिशीवर हात ठेवून ओट्यावर. दुपारी दुर्गा आली. तोंड मख्ख.

"मॅडम अगदी कानाशी येऊन म्हणाल्या, 'हात थरथरतोय का तुझा?' माझ्या तोंडातून गेलं, 'नाही मॅडम, वाटाणा काढतेय.'"

"मेलीस! मग?" मी विचारलं.

"मग काय? स्क्रीन लाल झालीच नाही. सोमवारी ऑपरेशनमध्ये कॅमेरा माझ्या हातात." तिने सोनूबाईकडे बघितलं. "मावशी, टोपली भरा."

धोंडूदादाने मिशीला असा पीळ मारला, जसा काय तोच पास झाला.

सोनूबाईने डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, टोपली चढवली. बर्फाचं पाणी मानेवरून थेट बनियनमध्ये. मी निघालो, "पापलेट घ्या, सुरमई घ्या..."

"आरं मेल्या," सोनूबाई ओरडली, "म्हावरा इकतंस का मयताला चाललंस?"

मी आवाज चढवला. रस्त्यावर लोक थांबून बघायला लागले, गॅलऱ्यांतून शिट्ट्या. एका म्हातारीने भावसुद्धा केला. एवढ्यात मागून अगदी कानाशी आवाज आला.

"मान हलली बघा, काका... वहिनी वरून बघतायत..."

दुर्गाच ती! टोपली कलली, आणि सुरमई थेट माझ्या खांद्यावर.