सुईणीचा जबाब

गोजाबाई गेली त्याच्या सोळाव्या दिवशी गावानं तिची शोकसभा ठेवली. बाईमाणसाची शोकसभा गावात याआधी झालेली नव्हती. पुरुषांच्या दोन झाल्या होत्या आणि त्यांतली एक मारामारीवर संपली होती. पण गोजाबाई चाळीस वर्षं गावची सुईण होती. चाळिशीच्या आतल्या बहुतेक गावकऱ्यांना या जगात सर्वांत आधी तिनंच पाहिलं होतं, आणि तेही फारशा शोभिवंत अवस्थेत नव्हे.

सभेच्या आदल्या दिवशी सरपंच सोपानराव वक्त्यांची यादी घेऊन गोजाबाईच्या नातीकडे आले. नात कौशल्या. इंटर सायन्सपर्यंत शिकलेली, चिंचवडच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवणारी. गावात काहीही लिहायचं असलं की कागद तिच्याकडे यायचा.

"अध्यक्ष कारखान्याचे लेबर ऑफिसर लक्ष्मणराव," सोपानराव म्हणाले. "मग मी, मग शाळेचे गुरुजी. समद्यांनी एकच मुद्दा धरायचा. गोजाबाई जन्मात कधी खोटं बोलली न्हाई."

कौशल्यानं यादीवरून नजर उचलली नाही. "हाच मुद्दा कशाला, आप्पा? तिनं बाळंतपणं केली, ते बोला की."

"अगं, हाच मुद्दा पायजे. सायेब समोर हायेत."

ते खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी, पंचावन्न साली, निगडीच्या अलीकडच्या माळावर कारखाना आला तेव्हा गावातल्या बारा घरांची जमीन गेली. घरटी एक नोकरी मिळणार होती; वाटण्या झालेल्या भावांची घरं वेगळी धरली होती. अट एकच, एक जूनला उमेदवाराची पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. जमिनी कसणारी माणसं सगळी तिशीकडे झुकलेली. जन्माच्या नोंदी पाटलाच्या दफ्तरात होत्या आणि दफ्तर वाळवीच्या पोटात होतं. तेव्हा कारखान्यानं ठरवलं की ज्या सुईणीनं बाळंतपण केलं तिचा जबाब चालेल, वर सरपंचाची सही हवी.

गोजाबाईनं अकरा जबाब दिले, बारावं घर बाहेर राहिलं. अकराच्या अकरा जण चोवीस वर्षांचे निघाले. कौशल्याचा थोरला भाऊ सोनबा एकोणतीसचा होता, तोही चोवीसचा झाला. शाळेच्या दाखल्याप्रमाणे कौशल्या आता त्याच्याहून आठ महिन्यांनी मोठी होती, आणि सोनबा घरात तिला "ताई, पाणी दे" म्हणू लागला होता.

ते जबाब कौशल्यानंच लिहिले होते. आठव्या कागदाला तिचा हात थांबला.

"आजी, छबूबाईच्या दोन मुलांत चारच महिन्यांचं अंतर पडतंय."

"पडू दे."

"असं होत नाही."

"बाळंतपनं कुनी केली? मी का सायबानं? लिव्ह तू." मग अंगठ्याची शाई पदराला पुसत ती म्हणाली, "जमीन घेतली तवा जमिनीचं वय इचारलं व्हतं का कुनी?"

कौशल्यानं लिहिलं.

सोपानराव जायला उठले आणि दारात रेंगाळले. खरी गोष्ट ते नेहमी दारात सांगत.

"कनीजबी बोलायचं म्हनतीय."

कौशल्यानं यादी खाली ठेवली. कनीजबी म्हणजे आजीची जोडीदारीण. एकीनं पोटावर हात ठेवायचा आणि दुसरीनं मूल झेलायचं, अशी चाळीस वर्षं दोघींची जोडी होती. एकदा नदी भरलेली असताना दोघी कमरेएवढ्या पाण्यातून महाळुंग्याला गेल्या होत्या, आणि बाळंतिणीचा नवरा पाण्याला भिऊन अलीकडच्या काठावरच बसून राहिला होता, हे अजून सांगितलं जायचं. अकराही पोरांच्या वेळी कनीजबी हजर होती. आणि कनीजबी खोटं बोलत नसे. गावानं भाषणात घालण्यासारखं नव्हे, खरोखरच बोलत नसे. त्यामुळे तिला कोणी लग्नाच्या बैठकीला बोलवत नसत.

"तिला नको कसं म्हनायचं? जन्माची मैत्रीन हाय," सोपानराव म्हणाले. "आन् बोलली तर अकरा घरांच्या चुली इझल्या. सोनबाची पयली. तू जा बाई, समजूत काढ."

कनीजबी ओसरीवर लसूण सोलत बसली होती. तिचा नातू जहीर अंगणात सायकलचं चाक सरळ करत होता. देहूरोडच्या नाक्यावर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं.

"सोपानानं धाडलं व्हय तुला?" कनीजबीनं विचारलं.

"हो."

"खरं बोललीस. बस."

कौशल्या बसली. "कनीजआजी, उद्या तुम्ही काय बोलणार?"

"जे झालं ते."

"सगळं?"

"मग काय, अर्धं? अर्धं सोपान बोलंलच की." तिनं लसणीची पाकळी सुपात टाकली. "पोरी, गोजा माझ्याशी तीन वर्सं भांडली. म्हनायची, कनीज, तुझ्या जहीरचं बी सांगते मी चोवीस, कुठं म्हैन्याभराचा परश्न हाय. तुझी बी दोन बिघं गेलीत. मी म्हनलं, न्हाई. पंचवीस पुरी झालीत, तर पंचवीस. पोरगं ऱ्हायलं भाईर. आज चाकं ठोकतंय. एवढं देऊन बसल्यावर आता मी तिच्या मागं खोटं बोलू?"

जहीर चाकाच्या तारा आवळत म्हणाला, "कौशल्याताई, आमच्या घरात खरं लई महाग पडतं. घेऊन जा थोडं."

"गप रे," कनीजबी म्हणाली. मग आवाज उतरवून, "ती लबाड व्हती आन् माझी व्हती. त्यांनी तिला पुतळा केला तर मग मी कुनाच्या नावानं रडायचं?"

हे इतकं बरोबर होतं की समजूत काढायचं कौशल्याच्या हातून राहूनच गेलं. ती परत आली. सोपानरावांनी विचारलं, तर "त्या थोडक्यात बोलतील" एवढं तिनं सांगितलं. तेवढंच खरं होण्यासारखं होतं.

सभा रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत झाली. गोजाबाईचा फोटो नव्हता. फोटोवाल्याला ती कधी उभी राहिली नाही. म्हणून टेबलावर बाळंतिणींना तेल लावायची तिची पितळी वाटी ठेवून तिला हार घातला होता. अकरा कामगार पहिल्या रांगेत, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत. सोनबानं कानशिलांवरच्या पांढऱ्या केसांना सकाळीच काजळी लावली होती आणि ती घामानं खाली उतरू लागली होती.

सोपानराव बोलले. गोजाबाई जन्मात खोटं बोलली नाही. गुरुजी बोलले. गोजाबाई म्हणजे मूर्तिमंत सत्य. पहिली रांग माना खाली घालून ऐकत होती, आणि लांबून तो शोक वाटत होता.

मग कनीजबी उठली. ओढणी सारखी केली, टेबलाकडे गेली आणि वाटीवरचा हार थोडा बाजूला सरकवला, बोलताना माणसाचं तोंड दिसावं तसा.

"ह्यांनी जी सांगितली ती बाई मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "माझी गोजा लई लबाड व्हती. सासूला फसवून ती माझ्या घरी खिम्याची चव बघायला यायची. बाळंतिनीला लेक झाली की भाईर येऊन आधी म्हनायची, दोघी धड हायेत, देवाचे उपकार माना, आन् मग हळूच सांगायची. मेलेलं मूल झालं तर आईला म्हनायची, रडलं व्हतं गं, मी ऐकलं. मी शेजारी असायची. रडलेलं नसायचं."

पडवीत बायका बसल्या होत्या त्या बाजूला दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

"आन् ही पयली रांग," कनीजबीनं बोट केलं. सोपानरावांनी डोळे मिटले. "ह्यांतलं एक बी चोवीसचं नव्हतं. समदी तिशीची घोडी. गोजानं समद्यांना लहान केलं. मी तिला म्हनलं बी, अगं, छबूच्या दोन पोरांत चार म्हैनं ठेवलंस? शेळीला बी पाच लागतात!"

छबूबाईनं पदर तोंडात कोंबला. कौशल्या लक्ष्मणरावांकडे पाहत होती. शाळेत मुलं गणित सोडवताना ती जसं पाहते तसं. आधी त्यांची नजर पहिल्या रांगेवरून फिरली. मग डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकली आणि अंगठा पेरांवरून चार वेळा सरकला. मग त्यांना आठवलं असावं की अकराही कागदांच्या तळाशी, सरपंचाच्या सहीखाली, तपासून मंजूर म्हणून त्यांची स्वतःची सही आहे, आणि भरती पंधरा दिवसांत उरकली म्हणून त्यांना त्या वर्षी बढती मिळाली आहे. या सगळ्याला एक श्वास पुरला.

लक्ष्मणराव मोठ्यानं हसले.

"वा! कनीजबी, वा!" ते टाळ्या वाजवू लागले. "याला म्हणतात मैत्री! मेल्यावरही थट्टा सोडली नाही!"

सोपानराव हसले. गुरुजी हसले. पहिली रांग हसली, सोनबा सर्वांत जोरात. छबूबाईच्या दोन मुलांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. पडवी टाळ्यांनी भरून गेली.

"थट्टा न्हाई," कनीजबी म्हणाली. पण ते कौशल्यालाच ऐकू आलं.

अध्यक्षीय भाषणात लक्ष्मणरावांनी जाहीर केलं की नव्या शेडसाठी कारागीर हवे आहेत, वयाची अट अठ्ठावीस, एक एप्रिलला पूर्ण झालेली नसावीत. "गोजाबाई गेल्या, पण काळजी नको. आता जबाब कनीजबी देतील. यांच्यावर तर डोळे मिटून विश्वास ठेवावा!" पुन्हा टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कौशल्या कनीजबीकडे गेली. ओसरीसमोर चौघे जण उभे होते. हाताला धरून एकेकाला कनीजबी अंगणाबाहेर काढत होती. "तू बत्तीस. तू तीस. तू तर माझ्या लेकीच्या, रेहानाच्या, आधीचा, चल नीघ."

अंगण रिकामं झाल्यावर ती खाली बसली. दोन दिवसांत ती बरीच म्हातारी झाली होती.

"एवढं खरं बोलले मी," ती म्हणाली, "आन् टाळ्या पडल्या."

"जहीरचा जबाब लिहायचा ना?" कौशल्यानं विचारलं.

"त्याचा कशाला? पयल्या रोज्याला झालेला त्यो. येत्या रमजानला अठ्ठावीस पुरी. रमजान याच म्हैन्यात लागतोय, त्यांची तारीख त्याच्या मागनं. ह्या बारीनं बी गेलं."

कौशल्या उठता उठता थांबली. "तुम्ही वय रमजानवर मोजता?"

"मग कशावर मोजू?"

"जहीर झाला तेव्हा थंडी होती का ऊन?"

"थंडी. हुरडा चालला व्हता. शेगडी घेऊन बसले व्हते मी."

"आणि यंदाचा रमजान उन्हात येतोय."

"त्यो फिरतो, पोरी. लहान असल्यापास्नं बघते."

"फिरतो, कारण तुमचं वर्ष आमच्यापेक्षा अकरा दिवसांनी लहान." कौशल्यानं जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. "रमजान अठ्ठावीस होतील. पण हिवाळे मोजा. सत्तावीसच. कारखाना हिवाळे मोजतो. एक एप्रिलला जहीर सत्तावीस वर्षं आणि दोन महिन्यांचा आहे. अटीत बसतो."

रेघा ओढताना तिच्या डोक्यात आणखी एक हिशेब आपोआप झाला. पंचावन्न सालच्या जूनमध्ये जहीर चोवीस वर्षं चार महिन्यांचा होता. गोजाबाईनं त्याच्यासाठी देऊ केलेलं ते बारावं खोटं, तेवढं एक खरं होतं. तिनं तोंड उघडलं, कनीजबीच्या हाताकडे पाहिलं आणि तो हिशेब तिथंच ठेवला.

कनीजबीनं जमिनीवरच्या रेघांकडे पाहिलं. मग तिनं कौशल्याचा चेहरा हातात धरला.

"शेवटाला गोजाचीच नात," ती म्हणाली. "किती गोड लबाडी करतीस गं."

"लबाडी नाही, आजी. गणित आहे."

"व्हय व्हय. तिला पन असंच कायतरी सुचायचं."

"अहो, खरंच सांगते—"

"समजावू नको. समजलं तर माझ्यानं व्हायचं न्हाई." तिनं अंगणाकडे पाहिलं. जहीर चाक फिरवून ते कुठं लचकतंय ते एका डोळ्यानं पाहत होता. "काढ कागद. एकदाच. गोजासाठी."

कौशल्यानं जबाब लिहिला. जन्म वीस जानेवारी एकोणीसशे एकतीस. शाईची डबी पुढं केली. कनीजबीनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत अल्लाची माफी मागितली आणि अंगठा उठवला. गोजाबाईचे अकरा ठसे कसे कोरून काढल्यासारखे उठले होते. हा एका बाजूला फिसकटला.

"पुसट उठला," कौशल्या म्हणाली. "दुसरा कागद करू?"

"नको," कनीजबी अंगठा ओढणीला पुसत म्हणाली. "दोनदा नको बोलायला लावू."