उशिरा दिलेले उत्तर

मित्रांनो, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत भिंतीलगतच्या टेबलावर बसलेले राखाडी, जुने यंत्र म्हणजे मी. रुग्णाचा बेडका माझ्यासाठीच बनवलेल्या, एकदाच वापरायच्या लहानशा डबीत भरून माझ्या चार कप्प्यांपैकी एकात ठेवला, की त्यात क्षयाचे जंतू आहेत का, हे मी दोन तासांत सांगते.

मी आले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून माझे कौतुक केले होते. एचआयव्ही असलेल्यांच्या बेडक्यात जंतू अनेकदा इतके थोडे असतात, की सूक्ष्मदर्शकाला ते चकवतात. मला ते सहसा सापडतात. दोन वर्षे मला उसंत नव्हती. मग डब्यांचा पुरवठा थांबला आणि माझ्यावर कापड आले.

त्याच दिवसांत एक शिवणकाम करणारी बाई आली. एचआयव्हीची औषधे घेणारी, महिनाभर खोकणारी. सोबत धाकटा भाऊ होता.

"मॅडम, त्या मशिनवर बघा ना," तो प्रयोगशाळेतल्या बाईंना म्हणाला.

"मशिन आहे हो, पण डब्या संपल्यात. वरती तीनदा कळवलंय."

आजारी बहीण हसली. "माझंही तसंच. मशिन आहे, पण पाय मारायला जोर नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसले नाही. खोकल्याचे औषध देऊन तिला घरी पाठवले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी मात्र तिचा दुसरा नमुना फ्रिजमध्ये जपून ठेवला.

नवव्या दिवशी डब्या आल्या. बाईंनी आधी तोच नमुना लावला. मी सांगितले: क्षय आहे. नेहमीच्या औषधांना दाद देणारा.

बाईंनी घाईघाईने फोन लावला.

"ताई परवाच गेली," भाऊ म्हणाला. मग त्याने विचारले, "बरी झाली असती का हो?"

बाई खोटे बोलल्या नाहीत. "बहुतेक झाली असती."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आला. त्यालाही एचआयव्ही होता आणि तोही खोकत होता.

"आता मला कशाला तपासता?" नवरा पुटपुटला.

"दाजी, वाद नको. यात थुंका."

त्यालाही क्षय निघाला. त्याच दिवशी औषध सुरू झाले. तो वाचला, पण घरात आता एकटाच उरला.

मित्रांनो, माझा एक कप्पा आता बंद पडला आहे. उरलेले तरी डब्यांवाचून रिकामे ठेवू नका. आणि तुमच्या घरी कोणी खोकून खोकून वाळत असेल, तर 'जंतू दिसले नाहीत' असे सांगणाऱ्या एका कागदावर विसंबू नका. त्या भावासारखे हाताला धरा आणि घेऊन या.