निम्मी छाटणी

सात रस्त्याजवळच्या हवामान सल्ला केंद्रात बसून द्राक्षबागायतदारांना रोजचा संदेश पाठवायचा, हे शिवलीलाचं अकरा वर्षांचं काम. गेली दोन वर्षं ऐन ऑक्टोबरात तिनं ‘छाटणी थांबवा’ असं कळवलं, आणि दोन्ही वेळा उपसागरातलं वादळ वाट वाकडी करून निघून गेलं. थांबलेल्यांच्या बागा मागे पडल्या. तेव्हापासून अक्कलकोटकडच्या गावांत रीतच पडली होती: अक्का थांबा म्हणाली, की कात्री काढायची.

आज नकाशावर पुन्हा तो पांढरा भोवरा होता. काल संध्याकाळी साधं कमी दाबाचं क्षेत्र. सकाळी पाहते तो चक्रीवादळ. समुद्र असा तापलेला, की एका रात्रीत वादळाला बळ चढे, आणि जुन्या नोंदींवर पोसलेला तिचा अनुभव परक्या गावी उतरलेल्या माणसासारखा नुसता उभा राही.

“मॅडम, उलटं लिहा की,” शेजारच्या टेबलावरून अमरेश म्हणाला. “छाटा म्हणा. थांबतील बिचारे.”

ती हसली नाही; सकाळपासून तोच विचार तिच्या मनात घोळत होता. एक खोटं वाक्य, आणि बागा वाचल्या असत्या. पण पुढच्या वादळाला कुठल्या बाजूनं खोटं बोलायचं? तिनं लिहिलं: ‘परवा मुसळधार पाऊस. छाटणी थांबवा.’

दहा मिनिटांत रेवणसिद्धचा फोन आला. चार एकरांची बाग, आणि दर वर्षी छाटणीआधी तिच्याशी एकदा भांडल्याशिवाय त्याला चैन नसे.

“अक्का, थांबा म्हणताय न्हवं? म्हंजे छाटतो. सोनाबाईची छाटणीवाली टोळी उद्या हाय, परत पंधरा दिवस गावत न्हाय.”

“अण्णा, छाटल्यावर काडीला लावलेलं औषध धुऊन जाईल. कोंबांचे डोळे मागेपुढे फुटतील. हे मी तुम्हाला सांगायचं का?”

“त्ये कळतंय की. तुमचं वादळच कळत न्हाय. दोन वर्सं आमच्या दारावरनं पुडच्या गावाला जातंय.”

“मलाही पूर्वीसारखं कळत नाही.” हे तिनं अकरा वर्षांत कुणापाशीच कबूल केलं नव्हतं. “समुद्र बदललाय, अण्णा. माझं चुकेलही. तरी थांबाच म्हणते.”

पलीकडे तो पुटपुटत वेलींच्या ओळी मोजू लागला.

“बरं. निम्मी छाटतो, निम्मी ठिवतो. तुमचंबी ऱ्हाऊ द्या, माजंबी.”

सांगितल्या दिवशी दुपारी पाऊस आला, तो दोन दिवस हटला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. चिखल तुडवून आलेल्या माणसाचा शीण तेवढा होता.

“छाटलेली गेली, अक्का. ऱ्हायलेली घरच्या मानसांवर काढतो. कवा छाटू, तेवढं सांगा.”

दोन वर्षांनी कुणीतरी तिच्या शब्दाकडे सरळ कान देऊन बसलं होतं. आणि समोरच्या नकाशावर, अंदमानाच्या खाली, ढगांचा नवा पुंजका जमत होता. तो विरेल की उठेल, हे तिला खरोखरच सांगता येत नव्हतं.

“अजून माझंच ठरत नाही, अण्णा. उद्या सांगते.”

“सांगा,” तो म्हणाला. “तवर कात्री लावत न्हाय.”